तुमचा दात आलाय, घेऊन जा

अहो, विड्यातली ती अख्खी सुपारी मी घातली होती. अक्कांनी नव्हे.

झालं, लिहून टाकलं. एकावन्न वर्षं घशाशी अडकलेलं हे वाक्य, आणि लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. ऐकायला तुम्ही नाही, पण त्यात नवीन काय? गॅसवाला आला की तुम्ही न्हाणीघरात, पाहुणे आले की तुम्ही बागेत फेऱ्या मारायला. मी जन्मात एकदा काही कबूल करायचं ठरवलं आणि तुम्ही कायमचेच उठून गेलात. महिना होत आला. राग अजून उतरलेला नाही. उतरावा अशी मला घाईही नाही, कारण तो उतरला की खाली काय आहे ते मला माहीत आहे.

आधी त्या मुलीबद्दल बोलू. बावीस वर्षांची, बेळगावची, दोन वेण्या आणि एक आगाऊ जीभ. कॉलेजात वादविवादाचे दोन कप मिळवले होते, तेवढ्यावर तिला वाटायचं की जगात आपल्याइतकं डोकं कुणाला नाही. तुमच्या घरचं मराठी ऐकून पदराआड हसायची. तुमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेले, ते कानडी मिसळून ‘स्वल्प थांब’ आणि ‘सरी, येतो’ म्हणणार नाहीत तर काय? पण हिला वाटत होतं आपण शुद्ध मराठी घेऊन या बेंगळूरकरांवर उपकार करायला निघालोय. आज ती मुलगी माझ्यासमोर आली तर मी तिला बसायला पाटसुद्धा देणार नाही.

लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि छत्राच्या, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत कार्यालयाच्या, मागच्या खोलीत खेळ सुरू झाले. हळदीच्या पाण्यातली अंगठी तुम्ही शोधलीत. मुठीतली सुपारी मी सोडवली, दोन्ही हातांनी तुमची बोटं उचकटून, आणि तुमच्या मावश्या एकमेकींकडे बघायला लागल्या की ही कोण पैलवान आणली. राहिला विडा. नवऱ्यानं दातात धरायचा, बायकोनं बाहेरचा अर्धा दातांनी तोडायचा. माझ्या भावांनी कानाशी लागून पैज लावली, अर्धा तर कुणीही तोडेल, अख्खा ओढून घेतलास तर तू खरी.

जिंकलेली सुपारी माझ्या मुठीतच होती. बोराएवढी, गुळगुळीत, दगडासारखी. अक्कांनी विडे करून तबकात मांडले होते, प्रत्येकाला एक लवंग टोचून. सगळी खोली तुमच्या मामांच्या नकला बघून हसत होती तेवढ्यात मी तुमच्या विड्याची लवंग उपसली, सुपारी आत सारली, लवंग परत टोचली. माझं शास्त्र असं होतं: गोल वस्तूवर दात घसरतात. तुमची पकड सुटेल आणि विडा सबंधच्या सबंध माझ्या तोंडात येईल. दोन कप मिळवलेल्या डोक्यातून निघालेलं शास्त्र.

तुमची पकड सुटली नाही. ‘सोडू नको रे, सोडू नको’ असा तुमच्या लोकांनी गिल्ला केला आणि तुम्ही, आज्ञाधारक प्राणी, जबडा आवळलात. मी ओढलं. वाळक्या काटकीवर पाय पडावा तसा आवाज झाला. तुम्ही ओरडला नाहीत. तोंडावर हात धरून मागच्या अंगणातल्या नळाकडे गेलात, अक्का तांब्या घेऊन तुमच्यामागे धावल्या, आणि पाच मिनिटांनी तुम्ही परत आलात ते ओठ घट्ट मिटून हसत. आपला लग्नाचा अल्बम काढून बघावा. अर्ध्यापर्यंत तुमचे बत्तीस दात दिसतात. त्यानंतर नवरदेव एकदम तत्त्वज्ञ झालेला आहे.

संध्याकाळी सासूबाईंना कळलं. त्यांनी सगळ्यांसमोर अक्कांना धरलं. शारदा, तुझं लक्ष कुठं होतं, विड्यात कुणी अख्खी सुपारी घालतं का, भावाच्या लग्नात दात पाडलास. अक्कांनी तोंड उघडलं, तुमच्याकडे बघितलं, आणि मिटलं. मी काय करत होते? मी मुंडावळ्या नीट करत होते. फार अवघड काम होतं ते, दुसरीकडे बघायला सवडच नव्हती.

त्यानंतर आपल्या घरात कुठलंही कार्य असलं तरी अक्कांना विडे करायला कुणी दिले नाहीत. गंमत म्हणून सुरू झालेली ती गोष्ट पुढे घराची रीतच होऊन गेली. नव्या सुनांनासुद्धा शिकवलं गेलं, पानाचं तबक अक्कांपुढे ठेवायचं नाही, आणि हे शिकवणाऱ्या बायकांत मीही असायचे. अक्का हसून उठायच्या आणि पाणी वाढायला जायच्या.

तो अर्धा दात वर्षभर तग धरून काळा पडला. मग काढला, आणि तुमच्या आयुष्यात ती प्लेट आली. गुलाबी टाळूवर बसवलेला एकच पांढरा दात. तुमच्यावर माझा जीव आहे हे मी कधी तोंडानं बोलले नसेन, पण त्या प्लेटीबद्दल जे बोलले ते सगळं मनापासून होतं. शर्टाच्या खिशात प्लेट. फ्रिजवर प्लेट. पाहुण्यांच्या कॉफीच्या कपाशेजारी प्लेट. सत्यनारायणाच्या पूजेत तर कहर केलात. गुरुजींनी गणपती म्हणून सुपारी मांडली, तिला स्नान घातलं, गंध लावलं, आणि तबकात तिच्या शेजारी बघते तर तुमचा दात बसलेला. मी डोळे वटारले तर तुम्ही मिटल्या ओठांनी हसून म्हणालात, राहू दे की, दोघांची जुनी ओळख आहे. मी घाईघाईनं निरांजन पेटवायला वळले. तुम्ही शांतपणे आरतीला उभे.

आणि तो तुमचा दर वर्षीचा प्रश्न. लग्नाच्या वाढदिवसाला अक्का जेवायला यायच्या, आणि ताक वाढेपर्यंत तुम्ही छताकडे बघत विचारायचात, त्या विड्यात अख्खी सुपारी गेली कशी असेल कुणास ठाऊक. दर वर्षी. तोच आवाज, तेच छत. अक्का म्हणायच्या, राहू दे की रे. मला वाटायचं बिचाऱ्या शरमल्या. मी उठून स्वयंपाकघरात जायची. कधी पापड तळायची, कधी नळ सोडून उभी राहायची. एकदा तर जेवणं उरकलेली असताना मी नव्यानं कुकर लावला होता, तुम्हाला आठवत असेल. चिडायची मी तुमच्यावर. एवढं उगाळायला काय झालंय, म्हणायची मनात, एक दातच तर गेला.

मग दोन वर्षांपूर्वी तुम्ही रुमालात गुंडाळलेली प्लेट रिक्षात विसरलात. रिक्षा के. आर. पुरमला गेली की मैसूरला, कुणास ठाऊक. नवी करून आणली तर ती बसेना. बोलताना घसरून जिभेवर यायची आणि तुम्ही वाक्याच्या मध्येच ती परत वर ढकलायचात. समोरच्याला वाटायचं तुम्ही फार विचार करून बोलता. आपल्या जे. पी. नगरच्याच एक डॉक्टरीणबाई शर्वरीनं शोधल्या. नात म्हणून तिचं ऐकाल असं वाटलं होतं, पण तिलाही तुम्ही नऊ महिने फिरवलंत. आधी उन्हाळा होऊ दे. मग पाऊस जाऊ दे. मग म्हणे या वयात नवा दात लावला तर बाकीचे म्हातारे दात त्याला जवळ करतील का. मी रडले, ओरडले, तीन दिवस अबोला धरला. अबोल्यात तुम्हाला बरंच वाटलं, म्हणून तो मीच मोडला. आणि एका सकाळी, कुणी काही विचारलेलं नसताना, तुम्ही पायात बूट चढवून दारात उभे. चल, दात लावून येऊ. जणू कोपऱ्यावर कॉफी प्यायला निघालोय.

डॉक्टरीणबाई नातीहून फार मोठ्या नसतील. कन्नड आणि हिंदीची भेळ करून बोलायच्या, पण समजावून सांगायच्या मात्र नीट. त्यांनी जबड्याचा स्कॅन दाखवला. दात गेला की त्याच्या खालचं हाड बसून राहत नाही, म्हणाल्या, त्याला काम उरत नाही म्हणून ते झिजत जातं. तुमच्या तिथं खोलगट झालं होतं. आधी हाडाची पूड भरायची, मग बारीक स्क्रू बसवायचा, आणि मग चार महिने काहीही करायचं नाही. हाडाला त्या स्क्रूला धरू द्यायचं. त्यानं धरलं की वर दात. घाई केली तर सगळं हलतं, अज्जी, असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. घाई करणारी कोण आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. स्क्रू जन्मभर टिकेल म्हणाल्या, तर तुमचा प्रश्न तयार: कुणाचा जन्म धरायचा, माझा की त्याचा?

मग स्क्रू बसवायच्या दिवशी त्या कागद भरायला बसल्या आणि त्यांनी विचारलं, हा दात गेला कसा. तुम्ही म्हणालात, लग्नात. त्या हसल्या, विचारलं, किसने तोडा अंकल? आणि तुम्ही खुर्चीत आडवे, गळ्यात तो निळा कागद, मान वळवून माझ्याकडे बघितलंत.

“तू सांग, विमल.”

एवढंच बोललात. छताकडे नव्हे, माझ्याकडे बघून. मी काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, मला काय माहीत, माझ्या डोळ्यांवर मुंडावळ्या आल्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, दवाखान्यात, पन्नास वर्षांपूर्वीच्या मुंडावळ्यांमागे लपली. त्या मुलीची टिंगल करायला मी बसले खरी, पण ही म्हातारी तरी काय कमी आहे?

त्या दिवशी परत येताना रिक्षात मी ठरवलं. तुमचा गाल सुजला होता, तुम्ही बर्फाची पिशवी धरून बसला होतात, आणि मला एकदम वाटलं की पुरे. पण लगेच नको. दात बसू दे. मोडलेलं जोडून दिलं की मग सांगू, म्हणजे रागवायला तुम्हाला जागा राहणार नाही. डॉक्टरीणबाई आरसा धरतील, तुम्ही दात बघाल, आणि मी म्हणेन, हा घ्या, तुमचा मी घेतला होता. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. वादविवादातली सवय, जाते कुठे. इतकी वर्षं थांबले तिथं आणखी चार महिने.

त्या चार महिन्यांत तुम्ही मला जो ताप दिलात तो मी लिहून ठेवणार आहे. मऊ भात नको. सार नको. उप्पिट्टाला तुम्ही सिमेंट म्हणालात. डॉक्टरीणबाईंनी त्या बाजूनं चावू नका म्हटल्यावर तुम्ही चोरून चकली खाल्लीत, आणि पुरावा म्हणून मिशीत तीळ घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात. पण एक सांगते. प्लेट तर नव्हतीच, आणि नवा दात यायचा होता, म्हणून तुम्ही म्हणालात, आता झाकायचं तरी काय. आणि ती खिडकी सताड उघडी ठेवून तुम्ही हसायला लागलात. भाजीवाल्याशी, लिफ्टमधल्या पोरांशी, बागेतल्या तुमच्या त्या चार म्हाताऱ्यांशी. मी वैतागून म्हटलं, सगळ्या जे. पी. नगरला भोक दाखवत हिंडू नका. तुम्ही आणखी हसलात. पन्नास वर्षं मी ते हसणं बघितलं नव्हतं. कसं असतं तेच विसरले होते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असले तरी ऐकून मला हसू फुटायचं आणि मी ते दाबायची, कारण आपलं भांडण चालू असायचं.

भांडण होतं रंगावरून. हाडानं स्क्रू धरला, डॉक्टरीणबाईंनी वाजवून बघितला, खूश झाल्या. माप घेतलं, आणि दातांच्या रंगांची पट्टी पुढे केली. पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत सोळा दात एका रांगेत. मी वरून दुसरा निवडला. तुम्ही खालून तिसरा. बाकीच्या दातांना साजेसा हवा, म्हणालात. मी म्हटलं, मग बाकीचे घासून घेऊ. तुम्ही म्हणालात, कॉफी प्यायलेल्या पंगतीत एकटा दूध प्यालेला कशाला. डॉक्टरीणबाई दोघांकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, घरी जाऊन ठरवा आणि फोन करा. घरी आठ दिवस तेच चाललं. बुधवारी रात्रीच्या जेवणाला तुम्ही म्हणालात, विमल, तोंड माझं आहे. मी म्हटलं, बघायचं मला आहे. आणि मी रागानं ताट उचलून आत गेले.

गुरुवारी सकाळी तुम्ही पेपर वाचत होतात, मी कॉफी घेऊन आले, आणि तुम्ही नव्हतात. पेपर तसाच हातात. असं कुणी करतं? वाद अर्धा सोडून?

फोटो कुठला लावायचा यावर घरात चर्चा झाली. आपल्या लेकानं, सुहासनं, पासपोर्टचा काढला, मिटल्या ओठांचा, बँकेत खातं उघडायला निघाल्यासारखा. मी म्हटलं, नाही, खिडकीचा. शर्वरीनं मोबाइलवर घेतलेला, तुम्ही लिफ्टच्या दारात हसताय तो. सुहासला पटेना, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांनी पन्नास वर्षं काही म्हटलं नाही, आता म्हणू देत. तोच लावला. भेटायला येणारे हात जोडतात आणि मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलतात. तुम्ही जाऊनही माणसांना अडचणीत टाकायचं सोडलेलं नाही.

अस्थी सोडायला आम्ही श्रीरंगपट्टणला गेलो. नदीच्या पायरीवर गुरुजींनी मडक्याचं फडकं सोडलं, आत बघितलं, आणि दोन बोटांनी काहीतरी वर काढलं. करडा, मळका, एवढासा. त्यांना वाटलं भट्टीतल्या यंत्राचा काही भाग पडला. बाजूला टाकायला निघाले. सुहासही बघत राहिला, त्याच्या ध्यानात येईना. माझ्या आलं. मी म्हटलं, टाकू नका, तो त्यांचा आहे. गुरुजी म्हणाले, अम्मा, लोखंड पाण्यात सोडत नाहीत, अस्थी तेवढ्या सोडायच्या. मी म्हटलं, लोखंड नव्हे ते, त्याला हाडानं धरलं होतं, डॉक्टरांनी वाजवून बघितलं होतं. मग तिथंच, गुडघाभर पाण्यात, मी गुरुजींना हाडाची पूड, चार महिने, सगळं समजावून सांगितलं. मागे दोन कुटुंबं आपापली मडकी घेऊन खोळंबली होती. गुरुजींनी बराच विचार केला, मग “सरी, बिडी,” म्हणाले, ठीक आहे, सोडा. मीच सोडला. तुमच्यापेक्षा तो लवकर बुडाला. तुम्ही जरा वेळ पाण्यावर रेंगाळलात, तुमच्या सवयीप्रमाणे.

तेराव्याच्या नंतर चार दिवसांनी दवाखान्यातून फोन. रिसेप्शनवरची पोरगी गोड आवाजात म्हणाली, अंकल का टूथ आ गया है, कब भेजेंगे? मी म्हटलं, ते परगावी गेलेत. का म्हटलं देव जाणे. सवय, दुसरं काय. मग म्हटलं, मीच येते.

डॉक्टरीणबाईंना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातले मोजे काढले आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग ड्रॉवरमधून एक छोटी डबी काढून माझ्या हातात ठेवली. कापसात दात. पिवळा. तुमचाच रंग, खालून तिसरा. विचारलं, तर म्हणाल्या, अंकलचा फोन आला होता, रंग बघून गेलात त्याच संध्याकाळी. म्हणजे आपण जे आठ दिवस भांडलो ते तुम्ही दात सांगून मोकळे झाल्यावर. मी तिथंच बसून तुमच्यावर इतकी चिडले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या बिचाऱ्यांनी रुमाल दिला. त्यांना वाटलं मी रडतेय.

आणि मग त्या दाताचं काय करायचं हा प्रश्न. घरी आणून ठेवला, पण ते पाठ केलेलं वाक्य काही स्वस्थ बसू देईना. हा घ्या, तुमचा मी घेतला होता. हा घ्या म्हणून द्यायचा कुणाला? चार दिवस मी डबी इकडची तिकडे ठेवत होते. तुमच्या त्या प्लेटीसारखी, फ्रिजवर, मग पदराच्या टोकाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ध्यानात यायला मला नेहमीच वेळ लागतो. मी तुमचा एक दात घेतला, हे खरं, पण अक्कांचं मी त्याहून जास्त घेतलं होतं, आणि अक्का अजून आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्याही तुमच्यासारख्या पेपर वाचता वाचता उठून गेल्या तर मग मला हे सांगायला जगात कुणी उरणार नाही.

रविवारी शर्वरीला म्हटलं, हेब्बाळला सोड. दीड तास लागला. उड्डाणपुलावर गाडी अडकली तेव्हा मी दोनदा म्हटलं, परत फिरू, पुढच्या आठवड्यात येऊ. तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली. पोरगी तुमच्यावर गेलीय, बोलायची नाही आणि ऐकायचीही नाही.

अक्का खिडकीशी भिजवलेले अवरेकाळू, आमच्या बेळगावचे पावटे, घेऊन बसल्या होत्या. एकेक दाणा चिमटीत दाबून साल उडवायचं, डाळ ताटात. मला बघून त्यांनी नुसता पाट सरकवला. मीही दाणे दाबायला लागले. ह्या हिवाळ्यातलं तुमचं अवरेकाळूचं सांबार राहिलं, एवढंच एकदा त्या म्हणाल्या. मग मी डबी काढून त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी चष्मा वर करून दात बघितला, बोटानं जरा फिरवला, आणि विचारलं, असला पिवळा कुणी निवडला. मी म्हटलं, तुमच्या भावानं. त्या म्हणाल्या, तरीच.

आणि मी सांगितलं. पाठ केलेलं वाक्य आठवलंच नाही. जिंकलेली सुपारी माझ्या मुठीत होती, म्हटलं, लवंग मी काढली, आत मी घातली, तुम्हाला सासूबाई बोलल्या तेव्हा मी तिथंच होते. नंतर तबक तुमच्यापासून सरकवायला मीही होते. सांगताना माझा आवाज त्या बावीस वर्षांच्या मुलीसारखा झाला. बाहेर शर्वरी फोनवर बोलत होती ते थांबलं. अक्कांचे हात थांबले नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, तोंडात सगळे दात शाबूत, आणि चिमटीत एकही दाणा न चुकता त्या साल उडवत राहिल्या. मी मान वर केली नाही. वाटलं आता त्या उठून पाणी प्यायला जातील, आणि परत येतील तेव्हा विषय दुसरा असेल, म्हणजे मी पन्नास वर्षं जे केलं तेच त्या करतील, आणि माझंच वागणं बरोबर ठरेल.

त्या उठल्या नाहीत. ओले हात पदराला पुसले, डबीचं झाकण लावलं, आणि म्हणाल्या,

“मला ठाऊक की, विमल. विड्यात मी कातरलेली सुपारीच घातली होती, मला ठाऊक नसणार तर कुणाला? नळापाशीच मी त्याला म्हटलं, हे तुझ्या बायकोचं काम. तो म्हणाला, अक्का, तू बोलू नको, ती सांगेल आपणहून. मग काय, बसलो दोघं वाट बघत. फार वेळ लावलास ग. ऐकणारे दोघं होतो, त्यातला एक उठून गेला. आता नीट बस, आणि पहिल्यापासून सांग.”